पिंपळे गुरवमधला बर्फ

आमच्या पिंपळे गुरवमध्ये दर वर्षी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बर्फ पडतो. वेधशाळेला त्याचा पत्ता नसतो, कारण तो कापसाचा असतो आणि फक्त आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली पडतो. इथं पवनेकाठी पहाटे स्वेटर आणि दुपारी पंखा अशी थंडी! पण कमिटीचं मत असं की, नाताळ म्हटला की बर्फ हवाच. मी खजिनदार. दिवसभर बँकेत लोकांची व्हाउचरं तपासायची आणि रात्री 'कापूस, साडेतीन किलो' या व्हाउचरवर सही करायची, हे माझं प्राक्तन.

गैरसमज नको. माझा सजावटीला विरोध नाही. गणपतीला मखर आणि दिवाळीला कंदील करणाऱ्यानं नाताळच्या चांदणीला नाक मुरडू नये. माझं भांडण, सजावट कशाची चालली आहे हे न विचारण्याशी आहे.

ते झाडच घ्या. चाल मूळची जर्मनीकडची. 1848 साली लंडनच्या एका साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र छापून आलं आणि इंग्रजांनी ती उचलली. आपण कुंडीत आणतो ते अरोकेरिया तर दक्षिण गोलार्धातलं. तिथं 25 डिसेंबरला उन्हाळा असतो! त्याच्यावर बर्फ घालणं म्हणजे कोकणातल्या माडाला मफलर गुंडाळणं.

गोठा त्याहून जुना. 1223 साली संत फ्रान्सिसनं इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाण मांडली. आपल्या वसईत आजही नाताळला गोठे करतात. काही ठिकाणी तर आधी धान्य पेरून हिरवे कोंब काढतात, थेट आपल्या नवरात्रातल्या घटासारखे. आता सांगा, आपल्याला जवळचं काय? बर्फ की गोठा?

मी कमिटीत हे मांडलं. चेअरमन म्हणाले, "अहो खजिनदार, गोठ्याला जागा कुठाय?"

जागा! त्या शब्दासरशी मला ऑक्टोबरातली मीटिंग आठवली. दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक भाड्यानं घ्यायला एक नर्सबाई आल्या होत्या. नगरकडच्या. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. आडनावावरून काही कळेना, म्हणून कुणीतरी विचारलं, "म्हणजे तुम्ही कोण?"

"ख्रिश्चन."

तेव्हा एकदम सगळ्यांना आठवलं की ब्लॉक मालकाच्या भाच्याला द्यायचा आहे. भाचा अजून आलेला नाही. इतिवृत्त मीच लिहिलं, सुवाच्य अक्षरात: 'जागा उपलब्ध नाही.' तोंडातून ब्र काढला नाही.

ते बाळ गव्हाणीत का ठेवलं, याचं कारण लूकच्या शुभवर्तमानात अर्ध्या वाक्यात आहे. उतारशाळेत जागा नव्हती. दोन हजार वर्षांपूर्वी तिथंही एखादी कमिटी असावी, आणि माझ्यासारखा एखादा खजिनदार.

ज्यांचा सण त्यांना दारातून परत पाठवायचं आणि सण तेवढा जिन्याखाली मांडायचा! मी बी. कॉम. आहे, जमा-खर्चाचा असला मेळ मला कुणी शिकवलेला नाही. म्हणून यंदा कापसाच्या व्हाउचरवर सही केलेली नाही.

माझी सूचना साधी आहे. कापसाचे पैसे वाचवा, कोपऱ्यात गवताची गव्हाण मांडा आणि भाच्याची वाट न पाहता नर्सबाईंना निरोप धाडा. इतिवृत्त मीच लिहीन. अक्षर तेच राहील. मजकूर तेवढा बदलू या.