शांत फ्लॅट, पण कुणाच्या जिवावर?

"शांत, घरगुती, अगदी लोकल वस्तीत" अशी जाहिरात वाचून आम्ही बार्सिलोनात ग्रासिया भागात आठवडाभर फ्लॅट घेतला. फ्लॅट खरंच शांत होता. का, ते तिसऱ्या दिवशी कळलं. जिन्यातल्या सहापैकी चार दारांना नंबरवाली कुलपं! म्हणजे शेजारी नव्हतेच हो, सगळे आमच्यासारखेच बॅगवाले.

ग्रासिया १८९७ पर्यंत वेगळं गाव होतं. अजूनही चौकात आज्या बाकावर गप्पा मारतात, पोरं बॉल खेळतात. हेच बघायला आपण जातो, आणि आपल्यामुळेच ते संपत जातं.

जून २०२४ मध्ये महापौर जाउमे कोल्बोनींनी जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-फ्लॅट्सचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू राहणार नाहीत. मार्च २०२५ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने त्यामागचा कातालोनियाचा कायदाही वैध ठरवला. यावर आमचे मित्र म्हणतात, "मालकाचं घर, तो काहीही करेल." वा! हेच मित्र पुण्यात शेजारचा फ्लॅट रोजच्या भाड्याने गेला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये टेबल बडवतात. तेव्हा कुठे जातो मालकाचा हक्क?

मान्य, नुसत्या बंदीने भाडी उतरणार नाहीत, नवी घरंही बांधावी लागतील. पण म्हणून आहेत ती घरं पाहुण्यांना द्यायची?

पुढच्या वेळी मी हॉटेलात राहणार. खोली लहान, लिफ्टची खडखड... चालेल. निदान कुणाच्या घरात झोपलोय ही टोचणी तरी नसेल.

असो. तुम्ही ठरवा.