सरासरीचे मार्क

मंडळी, वर्गाची सरासरी साठ आली म्हणून नापास पोरं पास होत नाहीत, हे कुठल्याही मास्तरला ठाऊक असतं. खाणीचे अहवाल लिहिणाऱ्यांना मात्र नसावं!

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. पण तीही सरासरीच. सुरुंगाचा एक दणका त्यात सहज विरून जातो. पाळण्यातलं तान्हं बाळ सरासरी ऐकत नाही, दणकाच ऐकतं.

वाहनांचंही तेच. आमच्या धरमतरजवळ वडखळला मुंबई-गोवा महामार्ग आणि अलिबागचा रस्ता मिळतात. शेजारी डोलवीचा पोलाद कारखाना. गणपतीआधी पेणच्या मूर्तींचे टेम्पो निघतात ते वेगळेच. इथे उद्या खाणीचे डंपर वाढणार असतील, तर 'दिवसाला इतके' हा आकडा काय कामाचा? शाळा सुटताना किती, ते सांगा की!

मोठ्या खाणींसाठी 2006 च्या अधिसूचनेत जनसुनावणी आहे, पण मराठीत द्यायचा तो फक्त सारांश. म्हणून सुनावणीला जाल तेव्हा एवढंच विचारा: सर्वांत मोठा आवाज किती, केव्हा आणि कुणाच्या दारात? उत्तर नसेल तर पेपर कोरा समजा.