गाडी आपली, दार कंपनीचे!

गेल्या जुलैतील एका संध्याकाळी, ऐन पावसात, आमच्या नऊ वर्षांच्या जुन्या मोटारीच्या चालकाकडील दारातून 'कट्' असा आवाज झाला आणि वर चढत असलेली काच दाराच्या पोटात सरकन उतरली. बटण दाबले की मोटर घरघरत होती. काच मात्र जागची हलत नव्हती. दुसऱ्या दिवशी गाडी अधिकृत सेवाकेंद्रात नेली. तेथील तरुण कर्मचाऱ्याने दार न उघडताच निदान केले. काच वर-खाली करणारी संपूर्ण यंत्रणा मोटरीसह बदलावी लागेल. मजुरी धरून खर्च सहा हजारांवर जाईल. मोटर तर चालू आहे, मग ती कशासाठी बदलायची, असे मी विचारले. त्याने अदबीने उत्तर दिले, 'वेगळी येत नाही, सर.'

हे उत्तर खोटे नव्हते. त्या काउंटरवर ती वस्तू खरोखरच वेगळी मिळत नव्हती. परंतु ती का मिळू नये, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. मी गाडी परत आणली, खिडकीला प्लॅस्टिकचा कागद लावला आणि पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारात चौकशी केली. मोटरीविना केवळ यंत्रणा तेथे बावीसशे रुपयांस मिळाली. ती घरीच बसवावयाची, असे ठरविले.

दाराच्या पोटात

रविवारी सकाळी बॅटरीची तार सोडवून कामास आरंभ केला. आतील मुठीच्या व हात टेकण्याच्या जागेच्या आड दडविलेले स्क्रू काढले, कडेच्या क्लिपा एकेक करून सोडविल्या, बटणांच्या तारांचे जोड अलग केले, तेव्हा दाराचे पॅड हाती आले. त्यामागे पावसाचे पाणी अडविणारा पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो न फाडता सोलून काढणे हे पहिले कसोटीचे काम. आमच्या नेहमीच्या गॅरेजमधील मिस्त्रींनी दूरध्वनीवरून बजावले होते, 'सर, आधी काच वर ओढून चौकटीला चिकटपट्टीने नीट बांधा. मग बाकीचं.' ही सूचना नसती तर काच पुन्हा खाली कोसळून फुटलीच असती.

आत पाहिले तेव्हा जी वस्तू मोठी गूढ वाटत होती ती अगदी साधी निघाली. एक उभी लोखंडी पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना छोट्या कप्प्या, त्यांवरून फिरणारी बारीक पोलादी तार, ती तार गुंडाळणारे व सोडणारे मोटरीचे चाक आणि काच धरून पट्टीवरून सरकणारा प्लॅस्टिकचा एक तुकडा. विहिरीवरच्या रहाटाहून यात तत्त्वतः निराळे असे काही नाही. मोटर शाबूत होती, पट्टी सरळ होती, तारही धड होती. तुटला होता तो फक्त अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा! त्या तुकड्यापायी बाकीचे सारे भंगारात जावयाचे होते.

नवी यंत्रणा बसविण्यास चार तास लागले. एक स्क्रू दाराच्या तळाशी पडला, तो शोधण्यात अर्धा तास गेला. दोन क्लिपा माझ्या उतावीळपणामुळे मोडल्या. प्रथम काच तिरकी बसली. म्हणून पकडीचे स्क्रू सैल करून ती पुन्हा सरळ करावी लागली. ज्या गाड्यांत काच एका स्पर्शाने वर जाते आणि मध्ये हात आल्यास मागे फिरते, त्यांत वरची मर्यादा यंत्रणेस पुन्हा 'शिकवावी' लागते. बहुधा बटण काही क्षण वरच्या बाजूस दाबून धरून हे साधते. ही पायरी गाळून चालत नाही. दुपारी काच वर गेली, तेव्हा घरातील मंडळींनी टाळ्या वाजविल्या, हे सांगण्यास संकोच वाटत नाही.

बचतीचा हिशेब

अर्थशास्त्राचा चाणाक्ष विद्यार्थी येथे मला अडवील. माझे चार तास, बाजाराची चौकशी, मोडलेल्या क्लिपा हे सारे जमेस धरले तर चार हजारांच्या बचतीतील उरले किती? गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली घरातील वेळेलाही किंमत असते हे दाखवून दिले. अॅडम स्मिथने तर १७७६ सालीच श्रमविभागणीचे गुण गायिले. प्राध्यापकाने शिकवावे, मिस्त्रीने दुरुस्त करावे, हेच शहाणपणाचे. हा आक्षेप मला मान्य आहे. प्रत्येकाने आपली गाडी स्वतःच खोलावी, असे माझे म्हणणे मुळीच नाही.

माझा खरा लाभ रुपयांत नव्हता. तो माहितीचा होता. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखविले की, विक्रेत्यास जे ठाऊक असते ते ग्राहकास ठाऊक नसेल, तर बाजारच बिघडतो. दुरुस्तीच्या व्यवहारात ही विषमता आणखी खोल असते. जुन्या मोटारीचे गुणदोष वापरताना तरी कळतात. परंतु बदललेला भाग बदलण्याची खरोखर गरज होती काय, हे दुरुस्तीनंतरही ग्राहकास कळत नाही. दार एकदा उघडून पाहिलेल्या माणसाची फसवणूक होणे कठीण. आणि अशी माणसे गावात चार असली की, न उघडणाऱ्यांनाही त्यांचा आधार मिळतो.

आमच्या वडिलांच्या पिढीस ही माहिती सहज उपलब्ध होती. स्कूटरच्या डिकीत प्लगचा पाना असे. रस्त्यात स्कूटर बंद पडली तर शिक्षक असो की कारकून, तो प्लग काढी, पुसी आणि पुढे जाई. मोटारीची काच हाताने दांडा फिरवून वर-खाली होई. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या गाड्या वारंवार बंद पडत, हेही खरेच. परंतु वस्तू उघडण्याचा अधिकार मालकाकडे असतो, याविषयी तेव्हा कोणास शंका नव्हती.

आयोगाने काय सांगितले?

ही केवळ एका प्राध्यापकाची कुरकुर नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निर्णय देऊन सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न देणे, दोष शोधण्याची साधने व तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांस न पुरविणे, असे ते आरोप होते. ग्राहक गाडी घेतानाच पुढील सर्व दुरुस्तीचा खर्च हिशेबात धरतो, असा बचाव कंपन्यांनी केला. आयोगाने तो मानला नाही, आणि ते योग्यच झाले. गाडी घेताना दहा वर्षांनंतरच्या काचेच्या यंत्रणेचा भाव कोण विचारतो? एकदा गाडी घेतली की तिच्या सुट्या भागांपुरता मालक त्या कंपनीचा बांधलेला गिऱ्हाईक होतो. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करता येणार नाही. सदोष कामामुळे जेवढी हानी झाली तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने बजावले. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला. तत्त्व मात्र स्पष्ट झाले.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली मोटारदुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने प्रचंड बहुमताने कौल दिला होता. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तीत शेतीची अवजारे व मोबाइल यांच्याबरोबर मोटारींचाही समावेश केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक पोर्टल सुरू केले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

यावर सुरक्षिततेचा मुद्दा हटकून पुढे केला जातो. त्यात तथ्य आहे. ब्रेक, स्टिअरिंग, अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या यांना हौशी माणसाने हात लावू नये. काही गाड्यांच्या दारांत या पिशव्यांशी संबंधित भाग असतात. तेथे काचेच्या कामासही जाणकारच हवा. परंतु सुरक्षिततेची खरी काळजी असेल तर माहिती दडवून काय साधणार? माहितीअभावी अंदाजाने काम करणारा मिस्त्री अधिक धोकादायक, की पुस्तिका हाती असलेला?

म्हणून मागण्या तीनच आहेत. जो भाग वेगळा तुटतो तो वेगळा, छापील किमतीस मिळावा. दुरुस्तीची पुस्तिका व दोष शोधण्याची साधने कोणाही प्रशिक्षित कारागिरास वाजवी दरात मिळावीत. आणि हमीसंबंधी आयोगाने सांगितलेले तत्त्व कायद्यात यावे. यात गृहस्थापेक्षाही अधिक हित आहे ते नाक्यावरच्या छोट्या गॅरेजचे आणि आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या तरुणांचे. त्यांच्या पोटावर पाय येतो तो घरी काच बसविणाऱ्या प्राध्यापकामुळे नव्हे. उद्याची गाडी त्यांना उघडताच येणार नाही, यामुळे.

तो तुटलेला प्लॅस्टिकचा तुकडा मी टाकून दिलेला नाही. मक्तेदारीचे प्रकरण शिकविताना तो वर्गात नेतो आणि मुलांना विचारतो, याची किंमत किती असावी? कोणी पाच रुपये म्हणतो, कोणी दहा. मग मी सेवाकेंद्राने सांगितलेला आकडा फळ्यावर लिहितो. त्यानंतर मक्तेदारीची व्याख्या सांगण्यास फार वेळ लागत नाही.