पुरण कोणी वाटायचे?

होळीला पुरण नाही असे घर आमच्या भागात सहसा सापडत नाही. जो वर्षभर गुळाचा खडा मोजून वापरतो, तोसुद्धा त्या दिवशी हरभऱ्याची डाळ शिजत घालतो. 'घालतो' हे मी लिहिले, पण ते व्याकरणापुरतेच. डाळ शिजत घालते ती आई, आणि वाटते ती बहीण. मित्रहो, माझे म्हणणे असे की सणाला वसतिगृहातून घरी जाणाऱ्या आपण मुलांनी निदान पुरणाचे काम आपल्याकडे घ्यावे.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते. पुरणाला बाईचाच हात लागतो म्हणे! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा शिकल्यासवरल्याने चुलीशी बसावे हे तर आमच्या आजीला मुळीच पटत नाही. पण पुरणात हातगुणापेक्षा समज जास्त लागते. किलोभर डाळीला साधारण तेवढाच गूळ. डाळ तासदोन तास भिजवावी, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून बोटाने सहज चिरडेपर्यंत शिजवावी. गूळ त्यानंतरच, कारण गूळ पडल्यावर कच्ची राहिलेली डाळ पुढे शिजत नाही. गुळाआधी पाणी नीट निथळून घ्यावे. तो कट, त्याचीच आमटी होते. मग मंद आचेवर हलवत राहायचे. मध्ये उलथने उभे केले आणि ते पडले नाही, की पुरण झाले. वेलदोडा, जायफळ असेल तर घालावे. नसल्यास कोणाचे अडत नाही. केशर-काजूचे पुरण हा शहरी थाट आहे. त्यासाठी उधारी वाढवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

खरी मेहनत पुढे आहे. पुरण गरम असतानाच यंत्रातून काढावे लागते. निवले की ते घट्ट होते आणि दांडा फिरता फिरत नाही. दोन किलो डाळीचे पुरण काढताना खांदे भरून येतात. ज्यांच्याकडे यंत्र नाही, तिथे पाटा-वरवंटा. कबड्डीत छाती काढून फिरणाऱ्यांनी हे काम नाजूक म्हणून बायकांवर ढकलावे, हा विनोदच आहे.

आणि पुरुषाला स्वयंपाक येत नाही असे कोण म्हणते? गावच्या लग्नात पाचशे पानांचा स्वयंपाक करणारा आचारी बहुधा पुरुष असतो. तालुक्याच्या खानावळीत भट्टीपुढे पुरुषच उभा असतो. म्हणजे मजुरी मिळाली की ते पुरुषाचे काम, न मिळाली की बाईचे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले. ते नव्या नवरीला भेट देण्याची रीत पडली. नवऱ्या मुलाला ते कोणी दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हे मी चेष्टेने लिहीत नाही. फाल्गुनी पौर्णिमा आणि दहावीची परीक्षा एकाच सुमारास येतात. माझ्या वेळी सणाच्या दिवशी मला माडीवर अभ्यासाला बसवले होते. पोळीसुद्धा वर आली. दोन वर्षांनी बहिणीची दहावी होती, तेव्हा ती सकाळपासून पुरणयंत्राशी होती आणि भूगोलाचे पुस्तक फळीवर होते. कोणी तिच्यावर जुलूम केला असे नाही. तिने बसावे हे कोणाला वेगळे वाटलेच नाही, तिलाही नाही. स्त्री-पुरुष समानतेवर आपण वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घेतो. त्या टाळ्या घरच्या फळीपर्यंत पोचत नाहीत.

काहीजण म्हणतील, पोळ्या आता दुकानात तयार मिळतात, एवढा खटाटोप कशाला? ज्यांना परवडते त्यांनी जरूर आणाव्यात. पण आठ माणसांच्या आणि रोजंदारीच्या घरात तो हिशेब बसत नाही. शिवाय विकतच्या पोळीबरोबर कट येत नाही, आणि आमटीवाचून पोळी आमच्याकडे कोणी जेवणच मानीत नाही.

पोळी लाटणे ही निराळी विद्या आहे. पातळ लाटूनही पुरण फुटू न देणे पहिल्या वर्षी जमणार नाही; ते सध्या आईकडेच राहू द्यावे. आपण डाळ निवडण्यापासून पुरण वाटेपर्यंत पुरे करू. यंत्र मात्र लगेच धुवावे. जाळीत पुरण वाळले तर एकेक भोक काडीने कोरत बसावे लागते. ते कोरणेही आपल्याकडेच.