वाफेवरचा घास आणि विचारण्याची रीत

बदलीच्या गावी सामान उतरलं की मोठी माणसं तीन गोष्टी शोधतात: मशीद, शाळा आणि भरवशाचा खाटीक. चौथी गोष्ट मुलं शोधतात. आम्ही पिंपरी-चिंचवडला आलो तेव्हा आमच्या मुलांनी डिमसमचा ध्यास घेतला. मुंबईत ओळखीच्या हॉटेलात मिळायचं, मग इथे का नाही?

खरं तर हे शहरच बाहेरून आलेल्यांचं. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे मोटारींचे कारखाने आले, आणि २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा प्रकल्प सुरू झाला. जो आला तो आपली चव घेऊन आला. संध्याकाळी चौकाचौकांत ॲल्युमिनियमच्या भांड्यांतून वाफ निघताना दिसते, ते मोमो. मोमो तिबेट-नेपाळकडचा. डिमसम दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातलं. तिथे सकाळी चहासोबत छोट्या टोपल्यांतून हे पदार्थ वाढतात. डिमसम हे एकाच पदार्थाचं नाव नाही, साऱ्या गोतावळ्याचं आहे. कोळंबीचा पारदर्शक हार गाव, वरून उघडा सिउ माय, मऊ पावासारखा बाओ, हे सगळे त्यातलेच.

आता आपल्या घरांचा प्रश्न. मूळ सिउ माय आणि बाओमध्ये बहुधा डुकराचं मांस असतं. हार गावच्या सारणातही चरबी घालतात, आणि मांस मुरवताना तांदळाची दारू वापरतात. म्हणून हा पदार्थ आपला नाहीच, असं म्हणून विषय संपवता येतो. पण चीनमध्ये हुई मुसलमान शेकडो वर्षं राहत आहेत आणि त्यांच्या खाणावळींवर हलालची पाटी असते. हाँगकाँगच्या वान चाय भागात अम्मार मशिदीच्या इमारतीतच पाचव्या मजल्यावर उपाहारगृह आहे, आणि ते हलाल डिमसमसाठीच प्रसिद्ध आहे. म्हणजे अडचण पदार्थाची नाही, आत काय भरलंय याची आहे. आणि ते कळायचं तर विचारावं लागतं.

इथेच आमची थोरली अडली. "अम्मी, विचारू नका ना, सगळे बघतात." आम्हाला डिमसम न मिळाल्याचं काही वाटलं नसतं, पण या वाक्याने काळजी लागली. आज गाडीवर विचारायची लाज वाटली, तर उद्या मैत्रिणींच्या पार्टीत ती गप्प बसून खाईल, नाहीतर पोट दुखतंय असं खोटं सांगेल. दोन्ही वाईटच.

म्हणून आम्ही मुलांना सोबत घेऊन विचारायला लागलो. गाडीवरच्या पोराला सरळ म्हणायचं, "भाई, चिकन कहाँ से लाते हो?" आवाजात संशय नको, भाजीचा भाव विचारावा तसं. हॉटेलात आणखी दोन प्रश्न: डुकराचं मांस त्याच भांड्यात वाफवता का? सॉसमध्ये किंवा मुरवणात दारू असते का? भांड्यात चाळण्या एकावर एक असतात आणि वरच्या चाळणीतला रस खालच्या मोमोंवर गळतो, म्हणून व्हेज घेतानाही भांड्याचं विचारावं. कोळंबीबद्दल कोकणी शाफई घरांत प्रश्न नाही. हनफींमध्ये मतभेद आहे, तिथे आपल्या घरचा रिवाज पाळावा. भिंतीवरचा एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक परवान्याचा असतो. जनावर कसं कापलं, ते त्यावरून कळत नाही.

एका गाडीवरच्या नेपाळी मुलाने आम्हाला सांगितलं, "आज चिकन दूसरी दुकान से आया है, आप वेज लो." धंद्याच्या वेळी गिऱ्हाईक सोडून त्याने खरं सांगितलं. थोरली ते ऐकत होती. तोही आपल्यासारखाच परगावाहून आलेला. त्या दिवसापासून ती त्याला स्वतःच विचारते.

राहिलं डिमसम. ते अखेर आमच्या स्वयंपाकघरात झालं. ओळखीच्या खाटकाकडून कोंबडीच्या मांडीचा खिमा आणा. त्यात आलं, पातीचा कांदा, मीठ, पांढरी मिरी आणि थोडं तिळाचं तेल घालून एकाच दिशेने फेटा, म्हणजे सारण धरून राहतं. मैदा गरम पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेवा. पारी मधे जाड, कडेला पातळ लाटा. चुण्या घालायला मोदकाचा हात असलेली शेजारीण असेल तर तिला बोलवा. इडलीपात्रात कोबीचं पान अंथरा, झाकणाला आतून फडकं बांधा म्हणजे पाणी टपकणार नाही. दहा-बारा मिनिटं वाफवा आणि एक तोडून आतपर्यंत शिजलंय का ते पाहा.

चाकणच्या खोल्यांमध्ये चार-चार जण राहणारी आपली पोरं आहेत. कुणी मराठवाड्यातून आलेलं, कुणी बिहारमधून. पाळीमुळे सालन-रोटीही वेळेवर मिळत नाही. ओळखीचा एखादा असेल तर त्याला सुट्टीच्या दिवशी दस्तरखानावर बोलवा आणि हातात लाटणं द्या. पन्नास पाऱ्या एकट्या बाईने लाटायच्या नसतात.