हवाई अंतराचा हिशेब

इंदूर किती लांब, असं विचारलं की हल्ली उत्तर हवाई अंतरातच मिळतं. संगणकावर दोन नावं टाका, आकडा हजर! मोपा विमानतळ ते इंदूर, सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटर. मुंबई ते इंदूर सुमारे ५००. आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून कुणी इंदूर जवळ आलं म्हणू लागला की मला राहवत नाही.

मुंबईहून इंदूरला जाणारी अवंतिका एक्सप्रेस बघा. सुरत, वडोदरा, रतलाम, उज्जैन असा वळसा घेत ती ८०० किलोमीटरहून जास्त धावते. म्हणजे मुंबईकराला रुळांवरून इंदूर जेवढं लांब, तेवढंच ते आम्हा गोंयकारांना आकाशातून!

हवाई अंतर खरं कुठे लागू पडतं? उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर. लाँगियरब्येन आणि नी-ओलेसुंद या दोन वस्त्यांमध्ये हवेतून जेमतेम ११० किलोमीटर, पण रस्ताच नाही. मधे बर्फ, डोंगर आणि समुद्र. तिथे दोन टोकं मोजली की भागतं.

आपल्याकडे मधे माणसं राहतात. धुळ्याची अहिराणी, सातपुड्यातली भिल्ली-पावरी, पलीकडची निमाडी. मल्हारराव होळकर खानदेशात तळोद्याला मामाकडे वाढले, ते याच पट्ट्यात. मराठी माणूस माळव्यात गेला तो इथूनच, घाट चढत, नर्मदा ओलांडत. विमान यातल्या एकाही गावाला विचारत नाही. शिवाय लग्नकार्याला निघालेल्या कुटुंबाचे लाडवांचे डबे माणशी १५ किलोंत बसवायचे कसे, हा प्रश्न आहेच.

गोव्यात हे आम्ही अनुभवलंय. मुंबई-गोवा हवाई अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, तेव्हाही आणि आजही. विमानंही होती. पण आगगाडीने जायचं तर पुणे, मिरज, लोंढा असा फेरा. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबईची गाडी थिवी-करमळीला येऊ लागली. रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडीही आमच्या रस्त्यावर आली. मुंबई जवळ आली ती खरी तेव्हा.

म्हणून इंदूरला आणखी एक विमान सुरू झाल्याच्या बातमीपेक्षा मला मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाची बातमी मोठी वाटते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या नव्या मार्गाला मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी, मुदत २०२८-२९. मागणी कित्येक दशकांची. विमानतळाला अहिल्यादेवींचं नाव दिलं ते योग्यच झालं, पण घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधणाऱ्या या बाईंचं लक्ष वाटेवरच्या माणसावर होतं. मंजुरी कागदावर राहू नये यासाठी इंदूर, धुळे आणि नाशिकच्या मराठी मंडळींनी आतापासूनच मागे लागायला हवं. मुदत टळली की खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की फाईल पुन्हा दिल्लीला जाते.