सभागृह साऱ्या शहराचे

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभे असलेले मुंबई महापालिकेचे मुख्यालय पर्यटकांच्या छायाचित्रांपुरते नाही. स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ मध्ये करणाऱ्या लॉर्ड रिपन यांनीच १८८४ मध्ये त्याची पायाभरणी केली. समोरचे स्थानक उभारणाऱ्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार ते १८९३ मध्ये पूर्ण झाले. शहराचा कारभार शहरवासीयांनी पाहावा, या मागणीला मिळालेले ते दगडी रूप आहे. दारासमोरचा फिरोजशहा मेहता यांचा पुतळा त्या मागणीसाठी त्यांनी दिलेल्या लढ्याची साक्ष देतो.

धर्म, भाषा आणि उत्पन्न यांवरून मुंबईत माणसे विभागली जातात; पण पाणी, कचरा, गटार आणि रुग्णालय यांसाठी कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत सर्वांना याच वास्तूकडे पाहावे लागते. तिच्या सभागृहात २२७ प्रभागांचे प्रतिनिधी शेजारी-शेजारी बसतात. शहराचे ऐक्य घडते ते तिथेच. म्हणूनच मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर प्रशासकीय राजवटीत हे सभागृह दीर्घकाळ नगरसेवकांविना राहिले, हे शहराचे मोठे नुकसान होते.

वारसावास्तूची डागडुजी आणि रोषणाई व्हायलाच हवी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पालिकेच्या निवडणुका वेळेवर व्हाव्यात, सभेचे कामकाज नागरिकांना सहज पाहता यावे आणि अर्थसंकल्पात झोपडवस्तीलाही न्याय्य वाटा मिळावा. या इमारतीचा मान राखायचा तर आधी तिच्यातील लोकशाही जपली पाहिजे.